सोमवारचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार
घाटकोपरच्या लॅबमधला पहिला दिवस झकास गेला. तिसरा मजला, एसी, खिडकीतून मेट्रो दिसते आणि शांताबाई चहा वेळेवर आणतात. आणखी काय पाहिजे! माझं काम सायकलवर. दम लागणारा पेशंट तिच्यावर बसतो, नाकातोंडावर मास्क, छातीला वायरी, आणि दर मिनिटाला पेडल जड होत जातं. त्याचा प्रत्येक श्वास पडद्यावर निळ्या रेषेत उमटतो. झोपवून काढलेल्या कार्डिओग्राममध्ये जे लपून राहतं ते इथे सापडतं: दम हृदयामुळे लागतोय की फुप्फुसांमुळे.

बाबांसाठीच तर ही नोकरी धरली. माहुलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला चढताना ते दोनदा थांबतात. एक डॉक्टर म्हणतो हृदय, दुसरा म्हणतो फुप्फुसं, तिसऱ्याने वय काढलं. इथे स्टाफच्या घरच्यांचा नंबर लवकर लागतो.

मार्तंड सर इथले सीनियर. दर सोमवारी पेशंट येण्याआधी एका धडधाकट माणसाने ठरलेल्या ओझ्यावर दहा मिनिटं सायकल मारायची, अशी पद्धत आहे. त्याचा ऑक्सिजनचा आकडा दर आठवड्याला तोच आला की मशीन बरोबर. हे आधी श्वेता करायची, तिने नोकरी सोडली म्हणे. मी कॉलेजात कबड्डी खेळायचे हे कळल्यावर सर म्हणाले, मग नीलम, आमचं माप तूच. आकडा आला अकराशे, मिनिटाला इतके मिलिलिटर ऑक्सिजन. छाती फुगली माझी.

१० फेब्रुवारी, सोमवार
आकडा एक हजार तीस. सर म्हणाले, मशीन घसरलंय. खरं तर ते मोजलेल्या गॅसच्या सिलिंडरवर तपासायचं असतं, पण सिलिंडर दिवाळीपासून संपलेला आहे. मग माझे अकराशे दिसेपर्यंत त्यांनी सेटिंग फिरवलं. धडधाकट माणूस आठवड्याभरात बदलत नाही, मशीन बदलतं, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

मास्क धुऊन खुंटीला लावला तरी पडद्यावर निळी रेषा हलत होती. बारीक, वर-खाली. एसीचा झोत गं, सर म्हणाले. एसी तेव्हा बंद होता. पण नव्या माणसाने किती तोंड चालवायचं?

१७ फेब्रुवारी, सोमवार
नऊशे दहा. पुन्हा सेटिंग. आज जिन्यात दम लागला, चक्क मला! बरेच दिवस मैदानावर गेले नाही, त्याचं असेल.

श्वेताची फाइल चाळली. दिवाळीपासून प्रत्येक सोमवारी अकराशे. एकदाही कमी नाही, जास्त नाही. आणि प्रत्येक आकड्यापुढे तिच्या बारीक अक्षरात: मशीन दुरुस्त केलं.

रिकाम्या मास्कची रेषा आज मोठी होती. मी मोजली. मिनिटाला अठ्ठावीस श्वास. एसीचा झोत अशा धापा टाकत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
बाबांची टेस्ट झाली! कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, सरांना मोठ्याने जयभीम केला. सहाव्या मिनिटाला चेहरा काळवंडला, मी थांबवणार होते. सर म्हणाले, पडदा बघ, आकडा मस्त आहे, जाऊ दे पुढे. रिपोर्ट नॉर्मल. हृदय नॉर्मल, फुप्फुसं नॉर्मल. डॉक्टरांनी सांगितलं, मनातली भीती काढा, रोज जिने चढा. आम्ही जिलेबी खाल्ली. बसमध्ये मी आनंदाने रडले.

फक्त ओठ निळे दिसत होते त्यांचे. मास्क घट्ट बसला असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सातशे ऐंशी. सर रजेवर आहेत. सेटिंग मीच फिरवलं, हात आपोआप गेला. फाइलीत लिहिलं, मशीन दुरुस्त केलं. माझं अक्षर मोठं असतं. आज बारीक आलं.

शांताबाई म्हणाल्या, श्वेताने नोकरी बिकरी सोडली नव्हती. चढता चढता याच जिन्यात बसली, ती उठलीच नाही. सरांना फोन केला. आधी भडकले, मग हळूच म्हणाले, तिला काही होईल असं कोणाला वाटणार, ती तर आमचं माप होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार
सिलिंडर आला. लावला. मूळ सेटिंगवर आकडा तंतोतंत जुळला; मशीन कधी घसरलंच नव्हतं. घसरत होते मी. आणि श्वेता.

मग बाबांचा आकडा — आम्ही फुगवलेला. कागदावर उलटा हिशेब केला. खरा पाऊणपटच निघतो. श्वास भरपूर, पण ऑक्सिजन पुढे पोचतच नाही: हृदयच आहे. एवढं स्पष्ट होतं आणि मी जिलेबी खात होते.

फोन केला. ते हसले. रिपोर्ट नॉर्मल आहे ना गं, रोज चार मजले चढतोय, म्हणाले. पाया पडते बाबा, म्हटलं. शुक्रवारी पुन्हा टेस्ट, लिफ्टनेच या. बरं म्हणाले.

भीती वाटतेय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी साडेआठ
लॅबमध्ये एकटीच. मास्क खुंटीला. रेषा चालू —

बाबांचा फोन आला. खाली पोचलेत. लिफ्ट नको, बघ कसा चढतो, म्हणाले. ठेवला.

रेषा वाढतेय. चोवीस. तीस. दोन श्वास, थांबा, मग खोकल्याचा झटका. ही रेषा श्वेताची नाही. हा श्वास मी लहानपणापासून शेजारी झोपून ऐकलाय —

दारापर्यंत गेले. पुढे जाववत नाही. दम पुरत नाही. हाक मारली तर आवाजच नाही. म्हणून लिहितेय. कोणी आलं तर आधी जिन्यात जा, दुसऱ्या मजल्याच्या —

चाळीस.

त्यांचा फोन लावला. जिन्यात वाजतोय. उचलत नाहीत.

रेषा सरळ.

बाबा —

पुन्हा हलली. ही त्यांची नाही. मी श्वास घेतला की वर जाते, सोडला की खाली. मास्क खुंटीलाच आहे. कबड्डीत धरायचे तसा दम धरून पाहिला. रेषाही थांबली.

आता सोडते —

सुटत ना