आपल्या घराण्याचा राग आणि एक वाकडी धमनी

ती. अक्का,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे. मान वाकवायला हरकत नाही ना, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं. का विचारावं लागलं, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत उत्तम असेल असं लिहिणार होतो, पण भाचीचा फोन आला होता. तुझ्या घशात मागच्या बाजूला फुगवटा आलाय, सोमवारी डॉक्टर त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत, आणि ‘किरकोळ काम आहे, कुणाला कळवायचं नाही’ असं तू तिला बजावलं आहेस, हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. तिच्यावर रागावू नकोस, गळ्याचा विषय आधी मीच काढला होता. फोनवर तुला काही सांगायला जावं तर तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. पत्र मात्र लाल पेन घेऊन शेवटपर्यंत वाचतेस. निवृत्त झालीस तरी मुख्याध्यापिकेची ही खोड काही गेली नाही. म्हणून पत्र. चुका भरपूर ठेवल्या आहेत, पेन हाताशी घे.

तर माझ्या गळ्याची कथा. बरेच दिवस मला गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. तुझ्या भावजयीचं म्हणणं, दुकानात दिवसभर बडबडल्याचं हे फळ. (चष्म्याच्या दुकानात मी ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ यापलीकडे काय बोलतो? पण ते असो.) शेवटी तिने मला घशाच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. डॉक्टर अगदी तरुण, कपाळावर दिवा बांधलेला. मला आ करायला लावून त्याने आत बघितलं आणि म्हणाला, फुगवटा आहे, छोटासा तुकडा काढून तपासू, आत्ताच. मी तोंड उघडं ठेवून होकार दिला, म्हणजे घशातून एक आवाज काढला. त्याने चिमटा उचलला. मग सवयीने म्हण किंवा माझ्या नशिबाने म्हण, आधी हातमोजा घातलेलं बोट फुगवट्यावर टेकवलं आणि विंचू चावल्यासारखं मागे घेतलं. ‘उडतंय,’ तो म्हणाला. त्याने त्याच्या मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी बोट लावलं, त्यांनाही उडताना लागलं. मग शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. प्रत्येक जण ‘काका, लावू का?’ असं अदबीने विचारायचा, आणि मला आ केल्या तोंडाने नाही म्हणता येत नव्हतं. इतक्या लोकांनी इतक्या आस्थेने माझ्या तोंडाकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात तुझी भावजय कोपऱ्यातून म्हणाली, ‘त्यात काय एवढं? यांच्या घरात राग आला की सगळ्यांचा गळा उडतो.’ सगळे हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्या मानेचा स्कॅन काढायला लावला.

आता नीट वाच, अक्का. बाबांच्या गळ्यात उजव्या बाजूला, कॉलरच्या वर, काहीतरी उडायला लागलं की आपण जेवता जेवता गप्प व्हायचो, आठवतं? पुढे तेच तुझ्या गळ्यात आलं आणि अख्खी शाळा प्रार्थनेला चिडीचूप उभी राहायला लागली. ‘बाईंचा गळा उडाला’ म्हटलं की टारगट पोरं मागच्या दाराने वर्गात जायची. मीही तुझा गळा बघूनच तुझ्याशी बोलत आलोय. तर तो राग नव्हेच! मोठ्या डॉक्टरांनी चित्र समोर धरून दाखवलं. मानेतली मोठी धमनी बाजूने सरळ डोक्याकडे जायची, ती माझ्यात मध्येच नागमोडी झालीय. एक वळण खाली बाहेरच्या अंगाला, ते कॉलरवर उडतं. दुसरं वर आतल्या अंगाला, ते थेट घशाच्या मागे फुगवटा होऊन बसलंय. (खरं तर माझी सगळ्यात जास्त उडते, आणि मला आजवर कुणीही घाबरलेलं नाही. शंका तेव्हाच यायला हवी होती.) डॉक्टर म्हणाले, पुस्तकातल्यासारखी मान फार थोड्यांची. कुणाची धमनी खालीच दुभंगते, कुणाची हनुवटीपाशी, कुणाच्या दोन फांद्या एकाच खोडातून निघतात. माणूस सुखाने जगतो, त्याला पत्ताही नसतो. फक्त गळ्याला हत्यार लावणाऱ्याला आधी ठाऊक हवं. ‘आणि नसलं तर?’ मी विचारलं. तरुण डॉक्टरने ट्रेमधला तो चिमटा उचलून कपाटात ठेवून दिला. घरी येईपर्यंत तुझी भावजय माझा हात धरून होती.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या रागाला मी उगाचच इतकी वर्षं घाबरलो, त्याची भरपाई कशी करणार ते कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. माझ्या स्कॅनची प्रत सोबत जोडली आहे. तुझा फुगवटा माझ्यासारखाच असेल असं नाही, हे सगळ्या भावंडांत असतंच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. पण बघितल्याशिवाय तुकडा काढू देऊ नकोस. स्कॅनला तू ‘फोटो काढून घ्यायचं माझं वय राहिलं नाही’ म्हणालीस, आणि डॉक्टरला ‘आ करीन, पण बोट घालायचं नाही’ असा दम दिलास, हेही भाचीने सांगितलंय. बिचाऱ्याने तुझा गळा उडताना पाहिला असणार.

आणखी ता. क. वरची विनंती तू लाल पेनने खोडशील हे ठाऊक असल्याने माझ्या स्कॅनची दुसरी प्रत भाचीकरवी तुझ्या डॉक्टरला परस्पर पोचवली. सोमवारचा चिमटा रद्द, सोमवारी फक्त स्कॅन. तू हो म्हटलंस तरच, असं तो म्हणतो. घाबरलाय.

शेवटचं. रविवारी मी येतोय. दार उघडशील तेव्हा गळ्यावर पदर ओढू नकोस. ते उडायला लागलं की मी आजवर पळालो, या वेळी ते बघायलाच येतोय. वाटेल तेवढी चीड माझ्यावर. ते उडत राहिलं पाहिजे, अक्का.