त्या बाईची शेळी

मुक्काम तलवाडा
फाल्गुन शुद्ध पंचमी, फसली १३२६

घरधन्याच्या पायी गंगासागरचा शरणार्थ.

आमी समदे खुशाल हाओत. तुमचा कागद मात्र दिवाळीपासून आला न्हाई. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, पन तोंड ठणठणीत हाय. हरभरा निघाला. तुमचं तट्टू मला लाथा मारतंय. तुमच्यावाचून कुनाचं ऐकतच न्हाई. मीबी न्हाई ऐकत. अक्षर माझंच हाय, मठात शिकलेलं. वाकडं का आसंना, दुसऱ्याकडून लिवून घ्यायची गोष्ट न्हाई ही.

मागच्या पंधरवड्यात गोऱ्यांची पलटण गावाबाहेर उतरलती. समद्यांनी कवाडं लावून घेतली. आत्याबाई म्हनाल्या, "माझं लेकरू बसऱ्याच्या लढाईवर नेलं ते हेच मुडदे!" मीबी तसंच म्हनले. दुपारी मी इहिरीवर गेलते, तर एक गोरा पानी मागाय आला. कोवळं मिसरूड, उन्हानं नाक सोललेलं. परका मानूस म्हनून मी रीतीपरमानं घागर वरून धरली, तर हा बाबा घागरीलाच तोंड लावाय निघाला! मी वरडले. मग माझीच ओंजळ करून दाखवली. त्यानंबी केली, पन बोटं अशी फाकली का निम्मं पानी बाह्यांत गेलं. दोघंबी हसलो. जाताना त्यानं टोपी काढली.

तवापासून गोऱ्यांना शिव्या द्याया माझी जीभ उचलत न्हाई. वडवणीकडं त्याच पलटणीनं कडबा लुटला म्हनं. तिथल्या बाया गोऱ्यांच्या नावानं बोटं मोडतात. त्यांचंबी खरं हाय.

आता ज्यासाठी बसले ते लिवते.

तुमच्यासंगं गेलेला आश्रुबा संक्रांतीला एक पाय गमावून परत आला. पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगतो. काल मला बघून हसत म्हनाला, "वहिनी, बसऱ्याकडं आमी एका बाईची शेळी सोडून आनली. बाई दोरी सोडंना. तुमच्या मालकानंच हिसकली. लई जोर हाय गड्यात!" समदे हसले. मी घागर तिथंच टाकून घरी आले.

तुमी? मटनाच्या वासानं वाट बदलनारे तुमी? गळ्यात लिंग असताना? कावून? साहेबाचा हुकूम आसंल, पोटात आग आसंल. मला सांगा, मी ऐकंन. पन त्या बाईला कोन सांगनार? आजारी तट्टाचं डोकं मांडीवर घेऊन पेज पाजनारे तुमी तिनं बघितले न्हाईत. तिनं दोरी वढनारा हात बघितला. तिच्या लेखी आपला मुलूखच चोरांचा. मीबी त्यातलीच.

लई राग आलाय. आन रागापरीस तुमची वढ जास्ती हाय, त्याचा आनखीन राग येतो. रोज पूजेच्या वक्ताला तुमचा पाट मांडते आन आत्याबाईंनी बघायच्या आत उचलते. त्यांनी बघितलं तर त्या रडतात, मग मीबी रडते, मग भाकर करपती.

सुट्टी मिळाली का त्या बाईकडं जा. शेळी मिळाली तर घेऊन जा, न्हाई तर तसंच जा. ती शिव्या दील, खावा. धोंडा मारील, तोबी खावा. मग घरी या. लंगडे, लुळे, कसेबी या, मला तुमी पायजे. पन तिला तोंड दाखवून या.

तवर तुमच्यावर रुसलेली, तरीबी तुमचीच,
गंगासागर