दिवसा बसलेलं मेंढरू

लखन लेकरा,

फोनवर मी तुला "समदं बरं हाय" म्हणते, ते खरं न्हाई.

गेल्या साली तू पुण्याहून आलास अन् तुझ्या आप्पाला म्हणालास, "पाय थकले तुमचे. मेंढरं विका, पैसा ठेवीत टाका अन् आता बसून खा." ते बोलणं त्यांना लई गोड लागलं. खतासाठी लोकांच्या वावरात मेंढरं बसवण्यात जल्म गेला, पण त्यांना सोताला कुणी बस म्हणालं नव्हतं.

मेंढरं विकून ज्या पतसंस्थेत ठेव टाकली, तिचं शटर दिवाळीपासून बंद हाय. आप्पा दर बाजाराला वडवणीला जायचे, शटरपुढं शिव्या देऊन यायचे. ह्या बाजाराला गेलेच न्हाईत. मी इचारलं, "कावून?" तर हळूच म्हणाले, "संस्था बसली, साखरा."

तवापासून मेंढरांच्या रिकाम्या वाडग्याच्या तोंडाशी बसून हायेत. भाकर म्होरं ठेवली की मान फिरवत्यात.

हे तुला धाडणार न्हाई. 'बसून खा' तूच म्हणाला होतास, तुझ्या जिवाला लागंल.

पण तुला आठवतंय का रं? कळप चरत असताना एखादं मेंढरू चारा सोडून खाली बसलं की तू त्याला उठवायला पळायचास. आप्पा तुझा हात धरायचे. म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. दिवसा बसलेलं उठत न्हाई."

आज मी त्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

तुझी आई,
साखराबाई