ओसोकिनोच्या दगडावरचे चुकीचे नाव

प्रति,
मा. जिल्हा लष्करी अधिकारी,
लष्करी नोंदणी कार्यालय,
वेर्खनी यार.

विषय : 'लाल तारा' या सन्मानचिन्हाचा क्रमांक न जुळल्याबद्दल खुलासा, तसेच ओसोकिनो येथील थडग्यावरून माझे नाव काढून तेथे शिपाई मिनुल्ला साबितोव यांचे नाव घालणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. २ मार्च १९६५ ची नोटीस (तारा पंधरा दिवसांत जमा करणे).

आदरणीय कॉम्रेड मेजर,

मी, तिखोन सावेल्येविच ग्रेबेनकिन, वय ५१, ट्रॅक्टर कारखान्याच्या भोजनगृहातील आचारी, खालीलप्रमाणे अर्ज सादर करतो. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली आहे याची मला जाणीव आहे. त्या काळात मी स्वतःच्या थडग्यावर गेलो होतो, सबब विलंब माफ व्हावा.

१. विजयाच्या विसाव्या वर्षानिमित्त सर्वांचे तारे तपासले गेले, तेव्हा माझ्या पुस्तिकेत क्रमांक ६३८२१४ आणि छातीवर ६३८२१५ निघाला. आपल्या कार्यालयातील लिदिया अर्काद्येव्हना यांनी चष्मा वर करून माझ्याकडे असे पाहिले, की जणू तारा मी कोणाच्या तरी कोटावरून ओरबाडलाय. सत्य असे, की चव्वेचाळीसच्या जूनमध्ये आमच्या पलटणीत दोघांना एकाच दिवशी तारा मिळाला. टेलिफोनची तार ओढणाऱ्या मिनुल्लाने गोळीबारात सात वेळा तुटलेली तार जोडली होती. मी गरम सूपचा डबा पाठीवर घेऊन खंदकापर्यंत रांगत गेलो होतो. डब्याला अकरा भोके पडली, मला एकही नाही, मात्र पाठ अशी भाजली की दोन आठवडे पालथा झोपलो.

२. आपणही फौजेतले, तेव्हा तारा 'धुणे' म्हणजे काय ते आपणांस सांगायला नको. पत्र्याचा मग व्होडकाने भरायचा, तारा तळाशी सोडायचा, तळ दिसेपर्यंत प्यायचे आणि तारा ओठांनी उचलायचा. न धुतलेला तारा आमच्यात कोणी लावतच नसे. आमच्याकडे मात्र असा मग एकच उरला होता, दुसऱ्याला गोळी लागून तो कामातून गेला होता. मी म्हणालो, "मिनुल्ला, दोन्ही एकातच टाकू, अर्धे तू पी, अर्धे मी." तो म्हणाला, "ग्रेबेनकिन, अर्धे म्हणजे किती हे आचाऱ्याने ठरवायचं नाही!" शेवटी दोन्ही तारे एकाच मगात पडले, पण भांडण मिटेतो व्होडका संपली, तेवढ्यात पहाटे नदी ओलांडण्याचा हुकूम आला, आणि दोघांनी मगातून हाताला लागेल तो तारा उचलला. मागच्या बाजूचा बारीक आकडा त्या अवस्थेत कोण वाचणार? चूक माझी आहे. तो मग माझा होता.

३. त्याच सकाळी नदीकाठी मला डोक्यात तोफगोळ्याचा तुकडा लागला आणि शुद्धीवर आलो तो इस्पितळात. मिनुल्ला तारेचे रीळ घेऊन पाण्यात उतरला आणि परत आला नाही. आठवड्याने एक शव सापडले. कागदपत्रांचा लगदा झाला होता, वाचता आला तो फक्त ताऱ्याचा आकडा, ६३८२१४. त्यावरून 'ग्रेबेनकिन धारातीर्थी पडले' असे पत्र माझ्या बायकोला गेले, आणि मिनुल्लाच्या नावापुढे 'बेपत्ता' लागले. मी इस्पितळातून घरी पत्र टाकले, तेव्हा तिचे उत्तर आले, "मेलास म्हणून रडून झालं. आता आलास तर छपराचं काम तेवढं कर." दप्तर दुरुस्त करायला हवे, हे दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही.

४. हे सर्व मी लिदिया अर्काद्येव्हना यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "कागदानुसार आपण वारलात. जिवंत असल्याचा दाखला आणा." कुठून, असे विचारता म्हणाल्या, "जिथे वारलात तिथून." म्हणून मी दोन गाड्या बदलून ओसोकिनोस गेलो. तेथे दगडावर सोनेरी अक्षरांत माझे नाव आहे, शाळेच्या एका तुकडीलाही माझे नाव दिले आहे. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी दाखला देण्यास नकार दिला, कारण येत्या नऊ मे रोजी, विजयदिनी, माझ्यावर त्यांचे भाषण आहे. थडग्याची निगा राखणाऱ्या स्तेपानिदा आजी तर अंगावरच आल्या. "वीस वर्षं तुझ्यावरचं गवत उपटतेय मी! दर ईस्टरला अंडं ठेवते! आणि तू हा असा पोट सुटून उभा?" मी क्षमा मागितली. मग त्यांनीच हळू आवाजात विचारले, "मग तिथे निजलाय कोण रे?"

५. तोपर्यंत मला हा प्रश्न पडलाच नव्हता, याची लाज वाटते. मी मिनुल्लाच्या आईला, काराबुलाकच्या गुलझिफा आपांना पत्र लिहिले. त्यांनी शेजारणीकडून उत्तर लिहवून घेतले. वय त्र्याऐंशी. मुलगा बेपत्ता, म्हणून त्यांना शहिदाच्या आईचे पेन्शन नाही, आणि गावात कोणीतरी अधूनमधून म्हणतेच, "बेपत्ता म्हणजे काय, पळालाही असेल." त्या लिहितात, "तो कोंबड्याला घाबरायचा रे, पण पळायचा नाही. जागच्या जागी उभा राहून रडायचा." कॉम्रेड मेजर, हे वाक्य वाचल्यापासून मला झोप नाही.

तरी माझी विनंती अशी. दगडावर मिनुल्लाचे नाव घालावे आणि आपांना तसे शिक्क्यानिशी लेखी कळवावे. लिदिया अर्काद्येव्हना म्हणतात, की एका थडग्याला दप्तरात एकच मयत लागतो, आणि माझे मरण रद्द करायला वरच्या कार्यालयाची परवानगी लागेल, त्यात दोन-तीन वर्षे जातील. आपांकडे दोन-तीन वर्षे नाहीत. नियमात बसत नसेल, तर त्या थडग्यात दोघांना दाखवा. मला मेलेला राहू द्या, माझे त्यात काही अडत नाही, बायकोलाही सवय आहे. पण त्याला बेपत्ता ठेवू नका. तो कुठे आहे ते मला माहीत आहे.

आपला, दप्तरी मयत व प्रत्यक्षात हजर,
(सही) ति. सा. ग्रेबेनकिन
वेर्खनी यार, दि. ८ एप्रिल १९६५

सोबत :
(१) माझ्या मृत्यूचे पत्र, मूळ प्रत (बायकोने जपून ठेवलेले).
(२) गुलझिफा आपांचे पत्र, नक्कल. मूळ देणार नाही.
(३) स्तेपानिदा आजींचा जबाब, अंगठ्यासह.
(४) तारा क्र. ६३८२१५ : जोडलेला नाही. तो मिनुल्लाचा आहे, आणि येत्या सोमवारी मी तो घेऊन काराबुलाकला निघतो आहे. जप्त करायचा झाल्यास कार्यालयाने तेथे यावे, आणि त्याच्या आईच्या हातातून तो स्वतः काढून घ्यावा.