दिघाशीची शांतता

कामतघर, भिवंडी
ऑगस्ट १९७९

प्रिय दौलत,

तुझी तार मिळाली. 'फोनवर का येत नाहीस' एवढ्या चार शब्दांत तू मला जेवढ्या शिव्या घातल्यास, तेवढ्या स्टुडिओतही कधी घातल्या नव्हत्यास. समोरच्या सूतवाल्या शेठच्या पेढीवर तुझे फोन आले, त्याचा माणूस मला बोलवायला आला, हे खरं आहे. मी गेलो नाही हेही खरं. तुला वाटलं असेल, अनंता आता शेठ झाला, आपल्यासारख्या ध्वनिमुद्रकाशी तो कशाला बोलेल. तसं काही नाही रे बाबा. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आधी बातमी सांगतो. 'उलटं आभाळ' परत लागला होता. होय, आपलाच. लोकांनी चपला फेकून उतरवलेला, आणि ज्याच्यानंतर एकाही निर्मात्याने मला खुर्चीवर बस म्हटलं नाही, तोच. अमेरिकेचं ते अंतराळस्थानक, स्कायलॅब, पडणार म्हणून सगळा देश वर बघायला लागला, तेव्हा वितरकाला आठवलं की आभाळातून पडणाऱ्या यंत्राचा एक सिनेमा आपल्या गोदामात कुजत पडला आहे. इथल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी कमळेला घेऊन गेलो. आवाज इतका बारीक, की पहिल्याच रिळात माझं डोकं फिरलं. मध्यंतरात वर जाऊन ऑपरेटरला झापलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. पूर्वी पब्लिक 'आवाज, आवाज' म्हणून ओरडायचं आणि आता डायरेक्टर स्वतःच ओरडतोय, असं म्हणून मी हसलो. कमळा हसली नाही.

शेवटचं रीळ तू विसरणं शक्य नाही. ते मोडकं यान खालच्या आवाजाच्या रोखाने उतरतं, म्हणून गावकरी भाताची गिरणी बंद करतात, बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवतात, तान्ही पोरं पदराखाली घेतात, आणि यान वरच्या वर निघून जाऊन समुद्रात पडतं. ती शांतता ध्वनिपट्टीवर घ्यायला तू आम्हा सगळ्यांना दिघाशीच्या शेतात भर उन्हात पुतळ्यांसारखं उभं केलं होतंस. शांतता म्हणजे कोरी पट्टी नव्हे, प्रत्येक गावची शांतता निराळी असते आणि ती तिथे जाऊनच आणावी लागते, हे तुझं म्हणणं. आणि मी तुझी पट्टी काढून तिथे काहीच ठेवलं नाही. अंतराळात आवाज नसतो, तेव्हा सिनेमानेही तोंड मिटावं, हे माझं म्हणणं. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. पुढचं सांगायला नको. पण दौलत, मी अजूनही म्हणतो, माझंच बरोबर होतं. या वेळी त्या रिळाला एक चप्पल उडाली नाही, कोणी जागचं हललं नाही. तू हे बघायला हवं होतंस.

आधीच्या पत्रात तू विचारतोस, बापाच्या तेराव्याला गेलेला माणूस अजून तिथेच कसा. मला तरी कुठे कळलं. खाडीकाठची भातशेती विकून बाबांनी ही लूमची शेड उभी केली, आणि जाताना माझा हात धरून म्हणाले, शेड बंद पाडू नको. दुसरा मुलगा नाही. आई उठता-बसता त्या शब्दाची आठवण देते. पावसाळा संपला की निघू, दिवाळी झाली की निघू, असं म्हणता म्हणता केस पिकायला लागले. परग्रहाच्या दुसऱ्या सिनेमाची पटकथा ट्रंकेत आहे, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला आहे. तेव्हा आपण चांदीचा कागद चिकटवून परग्रह करायचो. इथे परग्रह फुकट मिळतो. कापसाचं पीस उडून माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात, आणि कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. लूमच्या खडखडाटात बोलून ऐकू जाणार कोणाला? सगळं हातावर आणि ओठांवर. दोन बोटं म्हणजे धागा तुटला, मूठ म्हणजे थांबव, अंगठा ओठाला म्हणजे चहा. या भाषेत मी पटाईत झालो आहे. आमचा जॉबर रामसूरत, लूम दुरुस्त करतो तो, मला म्हणाला होता, 'सेठ, आप तो बोलने से पहले समझ जाते हो.' मला त्याचा अभिमान वाटला होता, वेड्यासारखा.

घरी मात्र माझं कोणाशी धड जमत नाही. आई म्हणते, मी तिचं ऐकत नाही. कमळा हल्ली मला हाक मारत नाही, समोर येऊन उभी राहते, नाहीतर दंडाला हात लावते. मला वाटायचं, रागावली आहे. कारणं काय कमी आहेत? मुंबईच्या डायरेक्टरशी लग्न लावून दिलं म्हणून मिरवत आलेली पोर, आणि नशिबी आली सुताची बोचकी.

तर स्कायलॅबचा तो दिवस. सिनेमा बघून आलेले कामगार दुपारीच शेडच्या दारात जमले. रामसूरत पुढे होता. म्हणाला, 'सेठ, मशीन बंद करो. वो चीज आवाज सुन के आती है.' मी म्हटलं, अरे, ते मीच लिहिलंय, दादरच्या खोलीत बसून, भजी खात. तर म्हणतो, 'फिर तो आपको मालूम ही है.' मी मूठ वर केली. आमची शेड थांबली, मग शेजारची, मग गल्लीच्या त्या टोकापर्यंत सगळ्या. माणसं बाहेर येऊन मान वर करून उभी राहिली. आई ओट्यावरून म्हणाली, 'तुजा बापूस असता तं ह्ये झाला नसता.' खरं सांगू? मला आनंद झाला. बाबांनी एक शेड बंद पाडू नको म्हटलं होतं, आणि माझ्या पडेल सिनेमाने अख्खं कामतघर बंद पाडलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, मी अजून डायरेक्टर आहे.

फक्त मागची एक शेड तेवढी चालू होती. तिचा खडखडाट स्पष्ट कानावर येत होता आणि मला त्याचा संताप आला. रामसूरतला म्हटलं, जा, त्यालाही बंद करायला सांग. तो म्हणाला, बंद आहे. मी म्हटलं, मला काय बहिरा समजतोस? तो माझं मनगट धरून मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथली माणसं भिंतीला टेकून बिड्या ओढत बसली होती. त्याने माझा हात लूमवर ठेवला. लूम गार होता, हलत नव्हता. आणि खडखडाट चालूच होता, दौलत. मी कान दाबले, तरी चालू होता. एरवी लाइट जायची तेव्हाही तो यायचा, पण मला वाटायचं, कुठली तरी दुसरी शेड चालू असेल. कामतघरात कुठे ना कुठे काही चालूच असतं. त्या दिवशी काहीच चालू नव्हतं. स्कायलॅब लांब कुठल्या तरी परक्या मुलखात पडलं. लूम पुन्हा सुरू झाले ते मला पायाखालची फरशी थरथरली तेव्हा कळलं.

म्हणून मी फोनवर आलो नाही. ठाण्याच्या डॉक्टरने कान तपासले. गेलेलं परत येणार नाही म्हणाला, आणि लूमपासून लांब राहिलो तर उरलंसुरलं टिकेल. पण गंमत बघ, शेडमध्ये मी कोणापेक्षा कमी नाही. तिथे सगळेच माझ्यासारखे ओठ बघतात. शेडच्या बाहेर पाऊल टाकलं की मी बहिरा. तुझा निर्माता अंतराळाचा सिनेमा करायला निघाला आहे आणि त्याला 'उलटं आभाळ'वालाच हवा आहे, हे तू तारेच्या आधीच्या पत्रात लिहिलंस, तेव्हापासून ते पत्र उशाखाली आहे. मला तो सिनेमा करायचा आहे. इतकी कशाचीच हाव मला कधी सुटली नव्हती. पण नट बोलतील आणि मला त्यांचे ओठ तेवढे दिसतील. आवाजाचं सगळं तुलाच बघावं लागेल, आणि निर्मात्याला हे पहिल्या दिवशीच सांगावं लागेल. चालणार असेल तर लिही, मी शेड रामसूरतवर सोपवून आईला तोंड देईन. नसेल चालत तर नुसतं नाही म्हण, समजूत घालू नकोस. आणि दोन्हीपैकी काहीही लिहिलंस, तरी त्याच पाकिटात आणखी एक कागद घाल. दिघाशीची ती पट्टी तू फेकली नसणार, मी तुला ओळखतो. ती एकदा लाव आणि तिच्यात काय काय ऐकू येतं ते मला ओळीने लिहून पाठव. मीही तिथे उभा होतो, पण तेव्हा मी सगळा वेळ ढगांकडे बघत होतो.

तुझाच,
अनंता