उलटी फिरणारी वीण

वन्सं,

मी दिलेलं पांघरूण नातवावर घालून तुम्ही पाहुण्यांना "मीच विणलंय" सांगत होतात, तेव्हा मी दारातच चहाचा ट्रे धरून उभी होते. सहा महिने बोटं झिजवली मी, आणि शाबासकी तुम्हाला? शाळा तिसरीत सुटली माझी, पण मी खुळी नाही.

पहिली मुलगी झाली तेव्हा माझ्या हातात क्रोशाची सुई बघून तुम्हीच हसला होतात, "या हातांनी भांडीच घासावीत." शेजारची नर्स नसती तर रडत बसले असते. ती ड्यूटीवरून आली की समोर स्टुलावर बसून शिकवायची. पोरगी माझ्या उजव्या दंडावरच झोपायची, खाली ठेवली की भोकाड पसरायची. म्हणून सुई डाव्या हातात धरली आणि नर्सचं बघून आरशात दिसावं तसं उचललं. ती म्हणाली, "अगं बाई, तुझं सगळं उलटंच चाललंय! पण झकास चाललंय, थांबू नकोस."

आजही तसंच विणते. तुम्ही उजव्या हाताने विणता, म्हणून तुमची गोल वीण घड्याळाच्या उलट फिरते, माझी काट्यांबरोबर. त्या पांघरुणावरचं एकेक फूल बघा कुठल्या बाजूला फिरतंय ते! मला सही करायची गरजच नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी तुमच्याकडे सगळे जेवायला जमतील, तेव्हा सुई-लोकरीसकट घेऊन येते. सगळ्यांसमोर तसंच एक फूल विणून दाखवा, नाहीतर खरं सांगा. रविवारी पानं वाढायच्या आत मला उत्तर हवं.

भांडी घासणाऱ्या हातांची,
तुमची भावजय