लीलाच्या डोळ्यांबाबतचे कलम

मी, राजेश्वरी बजरंग असवले, वय अडुसष्ट, मूळ गाव टाकवे बुद्रुक, तालुका मावळ, सध्या मुक्काम लोणावळा, रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, अविवाहित, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध, माझ्यामागे काय व्हावे ते येथे सांगून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरी दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मजकूर मी आधी ब्रेलमध्ये उतरवला आणि वाचून दाखवला, अॅड. सविता गराडे यांनी तो कागदावर लिहून घेतला. दोन्ही प्रतींत फरक निघाला तर ब्रेल प्रत खरी धरावी. सविताबाईंवर माझा अविश्वास नाही. पण मला न दिसणाऱ्या कागदावर सही करण्याआधी मी तो आजही दोनदा वाचायला लावते, आणि या वयात ते बदलणार नाही.

१. लोणावळ्याचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाच्या कमाईचे आहे. त्यात माझी धाकटी बहीण लीलाबाई दत्तोबा शेलार, वय सहासष्ट, हिने हयात असेपर्यंत राहावे. तिच्यामागे ते घर मावळ श्रवण वाचनालय या आमच्या नोंदणीकृत संस्थेकडे जावे. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, कैलास याला घरात काहीही नाही. पर्यटकांना बंगले भाड्याने देण्याचा त्याचा धंदा आहे. गेल्या मे महिन्यात मी समोर बसलेली असताना त्याने एका माणसाला हे घर पावलांनी मोजायला लावले. पावले मलाही मोजता येतात, हे तो विसरला. तरी माझा एक्स्चेंजमधला जुना हेडसेट त्याला द्यावा. लहानपणी तो कानाला लावून दिवसभर "हॅलो लोणावळा" करत बसे. तेव्हा फार गोड होता.

२. पोस्टातली बचत निम्मी लीलाला, निम्मी वाचनालयाला. ब्रेलची पाटी आणि टोचणी पुढे जी मुलगी शिकायला येईल तिला.

३. वाचनालयातली तीनशे बारा ध्वनिमुद्रित पुस्तके माझी नाहीत, त्यामुळे ती कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. हे नीट सांगते, कारण पुढचे सगळे यावर आहे. पूर्वी एखादे पुस्तक अंधांसाठी वाचून मुद्रित करायचे तर प्रकाशकाची परवानगी मागावी लागे. उत्तर येईपर्यंत वाचक म्हातारा होई. अशी परवानगी लागू नये, आणि एका देशात झालेली प्रत दुसऱ्या देशातल्या अंधालाही मिळावी, म्हणून जिनिव्हात वर्षानुवर्षे बोलणी चालली. अंधांच्या संघटनेतर्फे मी तिथे रजा टाकून तीनदा गेले. तीस वर्षे एक्स्चेंजवर काढल्यामुळे माणूस आवाजावरून पारखायची मला सवय. तिथे बोलणारा एक आणि कानात आवाज दुभाष्याचा; कोण मनापासून बोलतो आहे तेच कळेना. चहाच्या वेळी प्रकाशकांच्या बाजूचा एक भला गृहस्थ मला म्हणाला, "बाई, तुमच्या प्रती बाहेर फुटल्या तर आम्ही काय करायचे?" मी त्याला शब्द दिला की आमच्या वाचकांबाहेर एक ओळही जाणार नाही. तो शब्द मी पाळला. जास्तच पाळला.

४. त्यातल्या एका फेरीत माझ्या पिशवीत ब्रेलमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी होती. ज्यांना डोळे आहेत पण शाळा मिळाली नाही, अशांनाही या सवलतीत घ्यावे, एवढेच तीत होते. ती मी वाचायची असे ठरले होते. आमच्यातल्याच एका जाणत्या माणसाने अडवले. तो म्हणाला, "राजेश्वरीताई, एवढे मोठे दार मागितले तर आहे तेही ते लावून घेतील." त्याचे चुकले असे आजही म्हणवत नाही. माझ्या बोलण्याची वेळ आली तेव्हा मी दुसरेच बोलले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. पुढे करार झाला, निरक्षर त्याबाहेरच राहिले.

चिठ्ठी मी लीलासाठी लिहिली होती. सहाव्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले. आई भाताच्या खाचरात, म्हणून मला धरून बसायला लीलाला घरी ठेवले. ती तेव्हा चार वर्षांची. मी अकराव्या वर्षी पुण्याच्या अंधशाळेत गेले, तोवर लीलाचे शाळेचे वय निघून गेले होते. मग तिला शेळ्यांमागे लावले. मी सहा ठिपक्यांत जगभरचे वाचले. तिला एसटीची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारावी लागते. हे माझ्यामुळे झाले, आणि तिने कधी बोलून दाखवले नाही.

५. बारा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर लीला वराळ्याहून माझ्याकडे राहायला आली. पुढे घरातच वाचनालय सुरू झाले. रविवारी आमच्या अंध बायका बाहेरच्या खोलीत जमत, पुस्तक लावत, आणि लीला भाकरी थापता थापता उंबऱ्यापाशी येऊन ऐकत उभी राही. मला भाकरीची थाप थांबलेली ऐकू येई. मग मनात येई, ही वाचक नाही, हिच्याकडे अंधत्वाचा दाखला नाही, वाचनालयाचे कार्ड नाही, उद्या कोणी म्हणाले तर? कोणी म्हटले नव्हते. कोणाला विचारावे तेही मला सुचले नाही. मी सगळ्यांना इअरफोन आणून दिले. लीलाने विचारले, "आक्का, आज आवाज का न्हाई?" मी सांगितले, नियम आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि त्यानंतर तिने कधी विचारले नाही.

६. दोन वर्षांपूर्वी लीलाच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाल्या, थेंब रोज तीन वेळा, चुकवायचे नाहीत, कारण यात गेलेली नजर परत येत नाही. लीला स्वतःच थेंब घालत असे. या भाद्रपदात मी फळीवरून मीठ घेताना बाटली हाताला लागली. महिना उलटला तरी ती भरलेली होती. मागची बाटलीही तिथेच होती, तीही जड. मी तिला समोर बसवून विचारले.

"डोळं शाबूत ठिवून मी काय वाचणार हाय, आक्का?" ती म्हणाली. "गेलं तर दाखला मिळंल. मग माझं बी कार्ड हुईल. तुमच्या बायांसंगं बसीन की."

मी म्हटले, अगं वेडे, मी तुला रोज वाचून दाखवीन, आत्तापासून दाखवते.

"तुझं वाचणं तुझ्या मर्जीवर. मला कुनाची मेहेरबानी न्हाई पायजे. मला माझं कार्ड पायजे."

कोणाची मेहेरबानी नको, हक्क हवा, असे जिनिव्हात मीच म्हणाले होते.

७. म्हणून मी एक कलम सांगितले की, लीलाबाईची नजर गेली तरी वाचनालयाने तिला सभासद करून घेऊ नये. म्हणजे डोळे घालवून तिला काही मिळणार नाही, आणि ती थेंब घालील. सविताबाईंनी ते लिहिले. मी खोडायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले, पुन्हा खोडायला लावले. अंध बाईला पुस्तक नाकारा असे मी कागदावर ठेवले, तर मी आयुष्यभर काय केले? आणि न ठेवावे तर माझी बहीण आंधळी होते. आठ दिवस मला जेवण गेले नाही.

शेवटी ठेवते ते असे. लीला पात्र ठरली तर तिला कार्ड द्यावेच लागेल. तसे न होवो. वाचनालयाने निरक्षरांचा मुद्दा संघटनेपुढे, सरकारपुढे आणि जिथे बोलणी चालतील तिथे मांडत राहावे. मी ते केले नाही, हेही सांगावे. तो मान्य झाला तर पहिले कार्ड लीलाचे, डोळे शाबूत असताना.

८. थेंबांविषयी. बाटली सापडल्यापासून तीन वेळा मीच घालते. लीला मान मागे टाकते, मी बोटांनी डोळ्याची कड चाचपते आणि थेंब सोडते. ती म्हणते, "पडला." माझ्यामागे हे कोण करणार, या चिंतेने काल कैलासला बोलावले. घर तुला नाही हे आधी सांगितले, मग हे काम सांगितले.

तो म्हणाला, "आत्या, घर द्या न्हाईतर देऊ नका. थेंब घालाया काय मृत्युपत्र लागतंय व्हय?"

मी म्हटले, आधी मी कशी घालते ते पाहा. मी थेंब सोडला. लीला म्हणाली, "पडला."

कैलास उठून तिच्याजवळ गेला. मग म्हणाला, "न्हाई पडला, आत्या. लीलाआत्या डोळा मिटून घेती."

सदतीस दिवस मी तिच्या मिटलेल्या पापणीवर औषध घालत होते. त्याने बाटली माझ्या हातातून घेतली, तिची पापणी बोटाने उघडी धरली आणि थेंब घातला. या वेळी "पडला" असे कैलास म्हणाला.

म्हणून थेंब कैलासने घालावेत. मी गेल्यावर नव्हे, आजपासून. घराबाबत कलम १ मध्ये बदल नाही.

वरील मजकूर लीलाबाईसमक्ष मला वाचून दाखवला; तो मी सांगितला तसाच आहे. लीलाबाई व कैलास यांना यात काही मिळत असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही.

सही: राजेश्वरी बजरंग असवले

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:
१. डॉ. प्रेरणा काकडे, लोणावळा
२. दत्ता कान्हू वाघमारे, निवृत्त ट्रॅकमन, लोणावळा

मजकूर कागदावर उतरवणार व मृत्युपत्राच्या व्यवस्थापक: अॅड. सविता गराडे

लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे
९ ऑक्टोबर २०२५